निदानरेषेच्या पलीकडे

सावध चढाईपटू बाद फेरीत जिंकू शकतो का, या एका प्रश्नावरून त्या वर्षी सांगली जिल्ह्यात उभे दोन तट पडले होते. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला माणूस आरशातूनच वाद घालायचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबीचं ताट हातात धरून आधी आपलं मत द्यायचा, मग जिलेबी. एस.टी. आता चालकाविना धावत होती, त्यामुळे वाहकाला बोलायला जोडीदार उरला नव्हता; तो थेट प्रवाशांशीच भांडायचा. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो इंद्रजित खोत बोरजाई गावातल्या आपल्या घरी खाली मान घालून भाकरी खात होता.

इंद्रजित हा ‘कृष्णाकाठ’ संघाचा पहिला चढाईपटू. साखळीतल्या एकाही सामन्यात तो पकडला गेला नव्हता. प्रतिपक्षाच्या अंगणात गेल्यावर चढाईपटूला निदानरेषा ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद. इंद्रजित ती एका पायाने ओलांडायचा, हात लांबवायचा, कुणी उतावळेपणाने पुढे आलाच तर त्याला टिपायचा, नाहीतर घुमवलेला दम घेऊन मुकाट परत यायचा. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, न आणला तर चढाईपटू बाद. ही तिसरी चढाई इंद्रजित कधी करत नसे. ती सुजय मोहित्याच्या गळ्यात पडायची. सुजय जायचा, चारदा पकडला जायचा, पाचव्यांदा दोन गडी मारून यायचा. कृष्णाकाठचे सामने असे एका-दोन गुणांनी, प्रेक्षकांना जांभया आणत, पण जिंकले जायचे. उपांत्य सामना आता चार दिवसांवर आला होता.

समोर भिंतीवर बातम्या चालू होत्या. निवेदकाने तोच प्रश्न विचारला आणि पडद्यावर उत्तर द्यायला आली ती प्रांजल सूर्यवंशी, उपांत्य फेरीतल्या प्रतिस्पर्धी ‘सह्यकडा’ संघाची बचाव प्रशिक्षक. इंद्रजितचा घास हातातच राहिला.

“इंद्रजित कधी मरत नाही,” प्रांजल म्हणाली. “पण तो कुणाला जिवंतही करत नाही. कबड्डीत आपण एक गडी मारला की आपला बाकावर बसलेला एक गडी उठून आत येतो. साखळीत ते नाही जमलं तरी भागतं. बाद फेरीत मात्र बाकावरची माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतात. तिथे नुसतं परत येणं पुरत नाही.”

आईने पडदा बंद केला. “हिला काय कळतंय?” असं म्हणून तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मग थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पोरगी मातर लईच वाळलीया.”

उजव्या कानामागचा मणी इंद्रजितने नकळत चाचपला.

त्या मण्याचं नाव ‘चाहूल’. आता त्याबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत जे काही बिघडलं ते त्याच्यामुळे की इंद्रजितमुळे, त्यावरही गावात दोन मतं आहेत.

माणूस डावीकडे झेपावणार असेल तर त्याआधी त्याचा भार उजव्या पायावर जातो. उडी मारायची तर आधी टाचा दबतात. हे स्नायू परस्पर करतात, आपण आता हलणार हे त्या माणसाच्या मनात पुरतं उमटायच्याही आधी. डोळ्यांना हे दिसत नाही, पण दिसत नाही म्हणजे घडत नाही असं थोडंच आहे! लीगच्या नव्या मॅटमध्ये केसाहून बारीक तंतू विणलेले होते. त्यांच्यावर दाब पडला की त्यांतून कणभर वीज निघे. सात बचावपटूंच्या चौदा पावलांखालची ती वीज यंत्र वाचायचं, आजवरच्या हजारो चढायांशी ताडून पाहायचं आणि कानामागच्या मण्याकडे निरोप पाठवायचं. मणी एकदा थरथरला तर पुढे जा. दोनदा थरथरला तर फिर. प्रत्येक संघाच्या एका चढाईपटूला हा मणी घालायची मुभा होती. सगळं नियमात बसणारं होतं.

थोड्याच दिवसांत मणी बनवणाऱ्या कंपनीने त्यात कानही घातले. बोलणाऱ्याचा आवाज किती ताणलेला आहे, दोन शब्दांमध्ये श्वास कुठे अडतो, यावरून समोरच्याच्या मनात राग आहे की माया, हेही तो त्याच थरथरीने सांगू लागला. मग काय! दुकानदार गिऱ्हाइकाशी, जावई सासऱ्याशी मणी घालूनच बोलू लागले. इंद्रजित हा तो घालणारा पहिला खेळाडू, त्यामुळे त्याला तो फुकट मिळाला होता आणि नऊ वर्षांत आंघोळीखेरीज त्याने तो कधी उतरवला नव्हता.

आणि नऊ वर्षांपूर्वी प्रांजल त्याला म्हणाली होती, “घरी येऊन दादांशी बोल. बाकीचं मी बघते.”

दोघं बोरजाईच्या मंडळाच्या मैदानावर एकत्र वाढलेली. गावात मुलींचा संघ पुरा होईना म्हणून प्रांजल मुलांच्यात खेळायची, डाव्या कोपऱ्यावर. घोट्याची पकड करावी तर तिनेच. इंद्रजित तेव्हा आजच्यासारखा नव्हता. तो पार शेवटच्या रेषेपर्यंत घुसायचा आणि हटकून तिच्या हाती सापडायचा. ती पकड सुटायची नाही. दोघंही मातीत लोळायची, तोंडात माती जायची आणि कप्तान ओरडायचा, “मेला रं इंदा, बस बाहेर!” तो बाहेर बसून वाट बघायचा. आपल्यातल्या कुणीतरी गडी मारला की कप्तानाची हाक यायची, “इंदा, ये आत!” बोरजाईत जिवंत झालेल्या गड्याला नाव घेऊन, “ये आत” म्हणून हाक मारल्याशिवाय तो आत पाऊल टाकत नसे. नियमात असलं काही नाही, पण मंडळाचा रिवाजच होता तो. माणसाला माणूस आठवतो तो चेहऱ्याने, नाहीतर आवाजाने. इंद्रजितला प्रांजल आठवायची ती घोट्यात. अजूनही पाय लांब करून नुसता बसला तरी डावा घोटा रिकामा रिकामा वाटायचा.

तर तो दादांशी, म्हणजे प्रांजलच्या वडिलांशी, लग्नाचं बोलायला गेला होता. नवा सदरा घालून, फाटकापर्यंत. आतून दादांचा आवाज आला, चांगला तापलेला. मणी दोनदा थरथरला. इंद्रजित थांबला. आवाज आणखी चढला. मणी पुन्हा दोनदा थरथरला. तो फिरला. रात्री फोनवर म्हणाला, “आज दादांचा मूड बरा नव्हता. पुन्यांदा येतो.” ते पुन्यांदा काही झालं नाही, कारण प्रत्येक वेळी मणी थरथरायचाच. आता भिणाऱ्या माणसाच्या आवाजाने समोरच्याचाही आवाज ताणला जातो, हे त्या बापड्या यंत्राला कोण सांगणार? तीन महिन्यांनी प्रांजल प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करायला पतियाळाला निघून गेली. जाताना तिने निरोप घेतला नाही, भांडणही केलं नाही. तिने निदान भांडण तरी करायला हवं होतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरावात इंद्रजितने मिहीर देवधरला गाठलं. मिहीर हा कंपनीने संघाला दिलेला अभियंता, पुण्याचा, स्वभावाने सरळ.

“मी बोनसरेषेच्या पुढं गेलो तर काय व्हईल, हे मण्याला विचारून सांग.”

मिहीरने पडद्यावर मैदानाचं चित्र काढलं. निदानरेषा आणि तिच्या जरा पुढची बोनसरेषा, इथपर्यंतचा भाग हिरवा-पिवळा होता. त्यापलीकडे सगळं करडं.

“करडं म्हणजे धोका?”

“नाही दादा. करडं म्हणजे माहिती नाही. चाहूल मॅटवरून समोरच्यांची पावलं वाचते, पण त्या पावलांपुढे *तुम्ही* निसटाल की सापडाल, हे ती तुमच्याच जुन्या चढायांवरून शिकते. तिथे तुम्ही नऊ वर्षांत गेलाच नाहीत, मग ती शिकणार कुठून?”

“पण मी तिकडं पाय टाकला की ते दोनदा थरथरतंय.”

“माहिती नसेल तर धोका धरायचा, असं तिला सांगून ठेवलंय.”

“कुणी?”

मिहीर जरा घुटमळला. “तुम्हीच. पहिल्या वर्षी विचारलं होतं आम्ही, खात्री नसेल तिथे काय करू? तुम्ही म्हणालात, फिरवा.”

इंद्रजित त्या करड्या रंगाकडे बघत राहिला. आपण सावध आहोत म्हणून यंत्र सावध झालं, आणि यंत्र सावध झालं म्हणून आपण आणखी सावध झालो. दोघांनी मिळून एवढंसं अंगण राखलं होतं आणि त्यालाच सगळं मैदान म्हणत होतो. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला.

“आता बदलता येईल का?”

“येईल की. पण मग ती काहीच बोलणार नाही. जिथे माहिती नाही तिथे गप्प बसेल. चालेल तुम्हाला?”

चालेल असं म्हणायला इंद्रजितने तोंड उघडलं आणि मिटलं. “सामना झाल्यावर बघू,” तो म्हणाला.

सामन्याच्या दिवशी दुपारी दोन्ही संघांना मॅट पाहायला सोडलं. पुण्यातलं ते बंदिस्त मैदान अजून रिकामं होतं. इंद्रजित आत आला तर समोरच्या अंगणात प्रांजल अनवाणी चालत होती, मॅटचे सांधे पायाने दाबून बघत. केस आखूड केले होते. आई म्हणाली ते खरं होतं, वाळली होती. तो मध्यरेषेपाशी जाऊन उभा राहिला. ती सावकाश चालत आली आणि रेषेच्या पलीकडे थांबली.

“टीव्हीवर बोलले त्याचा राग आला असंल.”

“न्हाई. खरं तेच बोललीस.”

मणी दोनदा थरथरला. त्याचा हात कानामागे गेला.

“अजून बोलतंय वाटतं ते,” प्रांजल म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

“प्रांजल, त्या दिवशी मी फाटकापर्यंत आलो होतो.”

“ठाव हाय मला. गच्चीवर हळद वाळत घातली होती, ती उलथायला गेले होते मी. वरनं बघत होते. म्हटलं फाटकाची कडी वाजली की खाली पळायचं.”

“दादा तापले होते. मला वाटलं, माझ्यावरच…”

“मोटर जळली होती विहिरीवरची. त्या वायरमनला फोनवर झाडत होते.” तिने पायाने मॅटचा आणखी एक सांधा दाबून पाहिला. “तुला दाखवायला म्हणून धुतलेलं धोतर नेसून बसले होते रं ते सकाळपासनं. आईनं चहाचं आधण दोनदा ठेवलं.”

यंत्राला राग बरोबर कळला होता. राग कशाचा, ते विचारायला मात्र कडी वाजवावी लागली असती.

“दादा कसे आहेत?”

“गेले. मागच्या माघात.”

मैदानात कुणीतरी दिवे लावून बघत होतं. एका कोपऱ्यातला दिवा लागे आणि विझे. आत्ता विचारावं, इंद्रजितला वाटलं, आत्ताच. हिने लग्न केलेलं नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आपणही केलेलं नाही, हे हिला माहीत आहे. मधे दोन बोटं रुंदीची पांढरी रेघ आहे. त्याने श्वास घेतला. मणी दोनदा थरथरला, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा.

“तयारी करायची हाय,” तो म्हणाला.

प्रांजल त्याच्याकडे बघत राहिली. “जा,” ती म्हणाली. “अंग गरम कर जा.”

तो फिरला. मध्यरेषेपासून बाकापर्यंत चालताना त्याला पाठीवर तिची नजर जाणवत होती आणि ते सांगायला कुठल्या मण्याची गरज नव्हती.

सामना सुरू झाला आणि पहिल्याच चढाईत प्रांजलने काय शिजवलं होतं ते कळलं. सह्यकड्याचे सातही गडी हललेच नाहीत. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, एकमेकांचे हात धरून ते मागे नुसते उभे राहिले. ना कुणी पुढे आला, ना कुणाची टाच दबली. मॅट मुकी झाली. पावलांत वाचण्यासारखं काही नाही म्हटल्यावर चाहूलला काही कळेना, आणि कळत नाही म्हणून ती दोनदा थरथरत राहिली. इंद्रजित गेला आणि परत आला. गेला आणि परत आला. प्रेक्षक आधी हसले, मग ओरडू लागले.

तिसऱ्या चढाया सुजयच्या वाट्याला येत होत्या. दोनदा तो गुण घेऊन आला, मग सापडला. त्याच्यामागून दुसरा चढाईपटू सापडला. मग तिसरा. पकडीच्या गड्यांनी जीव तोडून सामना हातचा जाऊ दिला नाही, पण त्यांच्यातलाही एक बाहेर गेला. शेवटच्या मिनिटाला कृष्णाकाठ एका गुणाने मागे होता. आत इंद्रजित आणि पकडीचे दोन गडी. समोर पाचच गडी, त्यामुळे नुसती बोनसरेषा ओलांडून गुण मिळणार नव्हता. बाकावर चौघे. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, त्या दोन्ही इंद्रजितच्या. शेवटची चढाई उरली होती, आणि ती तिसरी होती, आणि ती करायला आता दुसरं कुणी नव्हतं.

इंद्रजितने बाकाकडे पाहिलं. चौघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते. सुजयच्या ओठातून रक्त येत होतं. या माणसाला आपण सगळं वर्षभर आपल्याऐवजी मरायला पाठवलं, हे त्याला तेव्हा कळलं. कळलं तर आधीही होतं, पण बघितलं तेव्हा.

तो बाकापाशी गेला, कानामागचा मणी काढला आणि सुजयच्या हातावर ठेवला.

“धर हे. आलो.”

मिहीर जागेवरून उठून उभा राहिला. पंचांनी शिट्टी दिली.

कानामागची ती जागा उघडी पडली होती आणि तिथे गार वाटत होतं. त्याने दम घुमवायला सुरुवात केली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. निदानरेषा आली. नऊ वर्षांच्या सवयीने पाय फिरायला लागला. त्याने तो पुढे टाकला. बोनसरेषा आली, तीही गेली. इथून पुढे सगळं करडं. पण जवळून बघितलं तर ते करडं नव्हतं. ती माणसं होती. मधल्या गड्याच्या कपाळावर घामाचा ओघळ होता आणि तो पापणीवर उतरत होता. गड्याने डोळा मिटला. इंद्रजितने सूर मारला आणि त्याच्या छातीला हात लावला.

एक गडी! परत पोहोचला तर बरोबरी, आणि बाकावरचा एक जिवंत. तो उलटा फिरला, मध्यरेषा तीन ढांगांवर दिसत होती, आणि तेवढ्यात डावा घोटा धरला गेला.

ती पकड त्याने ओळखली. अंगठा आतून, चार बोटं बाहेरून, आणि मग टाच वर उचलून घ्यायची. धरणारा सह्यकड्याचा डावा कोपरारक्षक होता, सोलापूरकडचा कुणी दांडगा गडी, पण त्याला शिकवलं कुणी हे इंद्रजितच्या घोट्याला लगेच कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो दम सोडत नव्हता. अंगावर एक पडला, दुसरा पडला, मग सगळेच पडले. तो त्या सगळ्यांना घेऊन मध्यरेषेकडे सरकत राहिला. हात लांब केला. बोटं ताणली. बोटांची टोकं आणि रेषा यांच्यात वीतभर मॅट उरली होती, आणि तिथे त्याचा दम संपला.

शिट्टी झाली. सह्यकडा जिंकला.

त्या वीतभर मॅटवरून सांगली जिल्हा अजून भांडतो. तो सावधच खेळला असता तर, असं एक तट म्हणतो. तो आधीपासूनच असा खेळला असता तर, असं दुसरा. सावध चढाईपटू बाद फेरीत जिंकू शकतो का याचा निकाल लागलाच नाही, कारण ती शेवटची चढाई सावध माणसाने केलीच नव्हती.

सुजयने त्याला उठवलं आणि घट्ट मिठी मारली. मग मणी परत द्यायला हात पुढे केला. इंद्रजितने तो मिहीरकडे द्यायला सांगितला आणि सरळ समोरच्या अंगणात गेला. सह्यकड्याचे खेळाडू नाचत होते. प्रांजल बाजूला उभी होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

“पकड झक्क बसवलीस,” तो म्हणाला. कोपर सोलून निघालं होतं, धाप अजून थांबली नव्हती. “प्रांजल, माझ्याशी लग्न करशील का? नऊ वर्षं उशीर झालाय. दादांना विचारायचं होतं, ते राहून गेलं. तुलाच विचारतो. तुझ्याबिगर मला करमत न्हाई. एक दिवस करमलं न्हाई.”

तिने तोंडावरचे हात काढले. काहीतरी बोलायला गेली आणि तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. उपांत्य सामना जिंकणाऱ्यांना पदकं द्यायचा समारंभ सुरू होत होता.

“मला आत्ता काही सांगता यायचं न्हाई, इंदा,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका ताणलेला होता की मणी असता तर त्याने थरथरून कानामागे भोक पाडलं असतं. “खरंच मला ठाव न्हाई.”

“चालंल,” तो म्हणाला. “मी हाय हितंच.”

त्याचे सहकारी कपडे बदलायला गेले होते. इंद्रजित एकटाच बाद खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसला. त्या मोसमात तो त्या बाकावर एकदाही बसला नव्हता. लाकूड कडक होतं आणि सुजयच्या घामाने ओलं. पलीकडे पदकं दिली जात होती, टाळ्या वाजत होत्या, छायाचित्रं निघत होती. ती काय म्हणेल हे त्याला माहीत नव्हतं. हो म्हणेल की नाही म्हणेल, याचा आकडा जगातल्या कुठल्याच यंत्राकडे नव्हता. उठून जावं असं फार वाटत होतं. तो बसून राहिला.

प्रेक्षक पांगले. कामगारांनी एका टोकाने मॅट गुंडाळायला घेतली. सह्यकड्याचा संघ गाणी म्हणत बसकडे निघाला. दरवाजापर्यंत गेलेली प्रांजल थांबली. मग ती एकटीच वळली आणि उरलेल्या मॅटवरून चालत आली. मध्यरेषेपाशी ती उभी राहिली. गळ्यातलं पदक तिने काढून मुठीत धरलं होतं. तिने एकदा बाकाकडे नीट बघितलं, खोकून घसा मोकळा केला आणि बोरजाईच्या मैदानावर मारायचे तशी खणखणीत हाक मारली.

“इंदा, ये आत!”